ओव्हरलॉकवर हात बसवताना: मायेचा हिशोब आधी करा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही गुहागरला घरी बावीस वर्षं ब्लाउज, परकर, गाऊन शिवता. गणपतीच्या आधी मुलाने मुंबईहून चार धाग्यांचं घरगुती ओव्हरलॉक आणून दिलं, म्हणजे कडा कापता कापताच ती धाग्यांनी गुंडाळणारं मशीन. खालच्या लूपरचा, म्हणजे धागा नेणाऱ्या आकड्याचा, धागा दोन-चार टाक्यांत तुटतो, गाऊनच्या कडा लाटांसारख्या वरखाली होतात आणि मागच्या आठवड्यात जावेच्या ब्लाउजला काखेत कटर लागून चीर गेली. बावीस वर्षांचा हात शिकाऊसारखा का चालतो, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी, बाहेरची कामं घ्यावीत का.

मी चिपळूणला तीस वर्षं शिवते, त्यातली अठरा वर्षं ओव्हरलॉकवर, आणि मुलींना शिकवते. इतक्या वर्षांत एक गोष्ट सतत बघितली आहे. कोरी मुलगी ओव्हरलॉक आठवड्यात उचलते, आणि साध्या मशीनवर हात बसलेल्या बाईला महिना लागतो. तुमच्या हातात खोट नाही. साध्या मशीनवर चुकलं की उसवता येतं, अंग वाढलं तर माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, सोडता येते, शिवता शिवता थोडं आत घेता येतं. ओव्हरलॉकमध्ये कटर सुईच्या पुढे असतं. शिवण पडायच्या आधी कापड कापलेलं असतं. म्हणून साध्या मशीनवर आपण शिवताना जे ठरवतो, ते इथे मशीन सुरू करण्याआधी ठरवावं लागतं. तुमच्या तिन्ही अडचणी सोडवताना हे लक्षात ठेवा.

नावाचा घोळ आधी मिटवते. आपल्याकडे दुकानात यालाच ‘इंटरलॉक’ म्हणतात. कापडाच्या दुकानात इंटरलॉक म्हणजे एक प्रकारचं होजिअरी कापड, आणि कारखान्यात काही जण टी-शर्टच्या खालच्या घडीवर दुहेरी टीप मारणाऱ्या मशीनला इंटरलॉक म्हणतात. अमेरिकन बायकांच्या व्हिडिओत ‘सर्जर’ म्हणतात ते तुमचंच मशीन. सुटे भाग मागवताना ‘चार धाग्यांचं ओव्हरलॉक’ असंच सांगा आणि मॉडेलचा नंबर द्या.

आता धागा तुटण्याचं. या मशीनला बॉबीन नाही, हे तुम्ही पाहिलंच असेल. बॉबीनच्या जागी दोन लूपर आहेत, आणि ते जे करतात ते शिवणापेक्षा क्रोशाच्या जवळचं आहे. हे मी उगाच म्हणत नाही. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या मेरो घराण्याची विणकामाची गिरणी होती. त्यांनी आधी क्रोशाचा टाका घालणारं मशीन बनवलं, आणि त्याच कल्पनेवरून जोसेफ मेरो यांनी १८८९ साली ओव्हरलॉकचं पेटंट घेतलं. क्रोशात सुई मागच्या साखळीतून धागा ओढून घेते, तसंच इथे चालतं. खालचा लूपर डावीकडून उजवीकडे जाताना सुईच्या पाठीमागून तिचा धागा उचलतो. वरचा लूपर त्या खालच्या लूपरचा धागा घेऊन कापडाच्या कडेवरून वर येतो. मग सुई खाली येताना वरच्या लूपरचा धागा पकडते. तिघं एकमेकांच्या हातातून धागा घेतात, म्हणून कोण आधी आणि कोण नंतर याला इथे फार महत्त्व आहे.

ओवण्याचा क्रम असा: आधी वरचा लूपर, मग खालचा लूपर, मग उजवी सुई, सगळ्यात शेवटी डावी सुई. तुम्ही लिहिलंय की खालचा धागा तुटला की तेवढाच परत ओवता. तिथेच अडतं. सुया ओवलेल्याच राहिल्या, तर आधीच्या टाक्यातला सुईचा धागा खालच्या लूपरपाशी गुंतलेला असतो. नवा धागा त्याच्याखाली सापडतो आणि दोन टाक्यांत तुटतो. तुम्ही परत ओवता, परत तुटतो. खालचा लूपर तुटला की दोन्ही सुयांचे धागे नेढ्यातून काढून टाका, लूपर ओवा आणि मगच सुया ओवा. वरच्या लूपरचा किंवा सुईचा धागा तुटला तर मात्र तेवढाच ओवून चालतं.

एवढं करूनही तुटला तर आणखी दोन कारणं बघा. एक म्हणजे ओवताना प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबणारा पाय, वर उचललेला असू द्या. बऱ्याच मशीनमध्ये त्याने टेन्शनच्या, म्हणजे धाग्याचा ताण धरणाऱ्या, चकत्या उघडतात. फूट खाली ठेवून ओवलं की धागा चकत्यांच्या आत न बसता वरच राहतो. ओवल्यावर फूट खाली करा आणि प्रत्येक धागा हळूच ओढून बघा. किंचित अडल्यासारखा वाटला पाहिजे. दुसरं कारण तुमच्या पत्रातच आहे. मशीन फडताळाखाली ठेवलंय म्हणता, म्हणजे मागची धाग्याची दांडी पूर्ण वर जात नसणार. ती दांडी शेवटच्या खटक्यापर्यंत वर गेलीच पाहिजे, आणि तिचे धागा अडकवायचे आकडे कोनांच्या, म्हणजे धाग्याच्या मोठ्या शंकूसारख्या रिळांच्या, बरोबर वर आले पाहिजेत. दांडी अर्धी राहिली की कोनावरून धागा तिरका सुटतो, कधी सैल येतो, कधी गचका देतो. मशीन टेबलावर मोकळं ठेवा. माझ्याकडे ‘मशीन बिघडलं’ म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच या दांडीवरच मिटतात.

पहिले आठ दिवस चार धागे चार रंगांचे लावा: डाव्या सुईला लाल, उजवीला पिवळा, वरच्या लूपरला निळा, खालच्याला हिरवा. जुन्या चादरीच्या पट्ट्या घ्या आणि रोज सगळे धागे काढून टाकून मशीन पुन्हा पहिल्यापासून ओवा. गाठ मारून नवा धागा ओढून घेण्याची युक्ती सगळ्या व्हिडिओत दाखवतात. ती सोयीची आहे, मीही वापरते. पण ज्या दिवशी धागा मध्येच तुटतो त्या दिवशी ती उपयोगी पडत नाही. डोळे मिटून ओवता येईल इतकं ते बोटांत बसू द्या. ओवून झालं की चारही धागे फूटखालून मागे डावीकडे घ्या, हाताने चाक पाच-सहा टाके फिरवा, साखळी नीट पडतेय ते बघा आणि मग पॅडल दाबा. घरगुती ओव्हरलॉक मिनिटाला साधारण १३०० टाक्यांपर्यंत जातं. पहिल्या दोन टाक्यांतली चूक त्या वेगात दहा इंचांची होते.

रंगीत धाग्यांचा खरा फायदा टेन्शन समजायला होतो. सगळे आकडे मधल्या ४ वर ठेवून सुती कापडावर शिवा आणि चिंधी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघा. वर निळा, खाली हिरवा, आणि दोघं बरोबर कडेवर भेटायला हवेत. निळा कडा ओलांडून खाली गेला तर वरचा लूपर सैल आहे किंवा खालचा घट्ट. हिरवा वर आला तर त्याच्या उलट. चिंधीच्या उलट बाजूला लाल किंवा पिवळ्याचे फासे लोंबत असतील, शिवण ओढल्यावर दात दिसत असतील, तर ती सुई सैल आहे. एका वेळी एकच चकती, तीही अर्ध्या आकड्याने फिरवा. आपल्या साध्या मशीनवर एक स्क्रू फिरवला की काम भागतं, त्यामुळे इथे चारही एकदम फिरवायचा मोह होतो. तसं केलं की कशाने काय बदललं ते कळत नाही.

आता काखेतली चीर. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण ब्लाउज शिवणाऱ्या प्रत्येक बाईचं यात नुकसान होतं.

आपण ब्लाउजला बाजूने एक, दीड इंच माया ठेवतो. लग्नानंतर, बाळंतपणानंतर, दहा वर्षांनी तोच ब्लाउज सोडून पुन्हा घालता येतो. पैठणीवरचा ब्लाउज तर आईकडून लेकीकडे जातो. ओव्हरलॉकला हे कळत नाही. डाव्या सुईपासून कटरपर्यंत अंतर साधारण ६ ते ७ मिलिमीटर, म्हणजे पाव इंच. तुम्ही बाजूची शिवण थेट ओव्हरलॉकवर मारली तर पाव इंचाच्या पलीकडची सगळी माया चिंध्यांच्या डब्यात जाते. परदेशी व्हिडिओ बघून अनेक जणी असं करतात. त्यांचे कपडे तयार मापाचे, ताणणाऱ्या कापडाचे असतात. तिथे ते योग्य आहे. आपल्या ब्लाउजला ते लागू नाही.

ब्लाउजसाठी माझी पद्धत अशी. कापून झाल्यावर, जोडायच्या आधीच, प्रत्येक तुकड्याची बाजूची कडा सुटी-सुटी ओव्हरलॉक करायची. डावी सुई काढून ठेवायची आणि तीन धाग्यांवर शिवायचं, म्हणजे कडा जाड होत नाही. कापड असं सरकवायचं की कटरने फक्त सुटलेले रेशे कापले जातील, कापड नाही. मग जोडणी साध्या मशीनवर, फिटिंग साध्या मशीनवर, आणि माया आत पूर्ण शिल्लक. शंका वाटली तर कटर बंद करा. बहुतेक घरगुती मशीनमध्ये ती सोय असते. मात्र तेव्हा कापडाची कडा टाक्यांच्या रुंदीच्या बाहेर जाऊ देऊ नका, नाहीतर कडा गुंडाळली जाते. मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईची, शिवण मात्र वेगळी. तिथे पाव इंचापेक्षा जास्त माया ठेवून उपयोग नसतो, ती बाहीला ओढते. फिटिंग पक्कं झालं, घालून बघून झालं, की मुंढा आणि बाही एकत्र ओव्हरलॉक करा.

चीर नेमकी का पडली असेल? मला दोन शक्यता दिसतात. साध्या मशीनवर तुमची नजर सुईवर असते, असायलाच हवी. ओव्हरलॉकवर नजर कटरवर ठेवा. सुई कुठे पडणार ते फूटच्या पुढच्या खुणा सांगतात. मुंढ्याच्या गोलाईत तुम्ही सुईकडे बघत वळवलं असणार आणि तेवढ्यात कटर आत शिरलं. गोलाई हाताने सरळ करून कटरसमोर आणायची असते. मागे उरलेलं कापड चुण्यांसारखं गोळा झालं तरी चालतं, शिवण झाली की ते मोकळं होतं. दुसरी शक्यता म्हणजे खालचा पदर. ब्लाउजचा पुढचा भाग किंवा बाहीची घडी नकळत खाली सरकते आणि कटरमध्ये जाते. डाव्या हाताची दोन बोटं कापडाच्या खाली ठेवा, किती पदर जाताहेत ते बोटांना कळतं. दर चार इंचांनी थांबून बघितलं तरी काही बिघडत नाही.

टाचण्यांबद्दल मी कडक आहे. कटरखाली टाचणी गेली तर कटरची धार जाते, आणि तुकडा उडून डोळ्यापर्यंत येऊ शकतो. टाचण्या लावायच्याच असतील तर शिवणीपासून इंचभर आत, शिवणीला समांतर लावा. मी कच्चा दोरा घालते. वेळ जातो, पण मन शांत राहतं.

उलटं शिवणं इथे नाही, त्यामुळे टोकाला टीप पक्की करायची सवय सोडावी लागेल. शेवटी चार-पाच इंच साखळी सोडा, मोठ्या नेढ्याच्या सुईने ती टाक्यांच्या खालून इंच-दीड इंच मागे ओढून घ्या आणि उरलेली कापा. पुढे दुसरी शिवण त्यावरून जाणार असेल तर तेही नको.

गाऊनच्या लाटांचं उत्तर डिफरन्शियल फीडमध्ये आहे. फूटखाली दातांच्या दोन जोड्या असतात, पुढची आणि मागची, आणि त्यांचा वेग वेगवेगळा ठेवता येतो. १ वर दोघी सारख्या चालतात, सुती कापडाला ते ठीक. १ च्या वर नेलं की पुढचे दात जास्त कापड आत ढकलतात आणि ताणणारं कापड ताणलं जात नाही. होजिअरीला १.५ पासून सुरू करून २ पर्यंत बघा. गाऊनचा घेर खाली गोल कापलेला असतो, म्हणजे कडा बरीचशी उरेबात, विणीला तिरकी, येते, आणि उरेब ताणलं जातंच. सुती गाऊन असला तरी घेराला १.३ च्या आसपास ठेवून बघा. क्रेप, शिफॉनसारखं हलकं कापड चुणतं, तेव्हा उलट करा, ०.७ कडे न्या. आणि मागून कापड ओढू नका. जुन्या पायमशीनवर आपल्याला ती सवय लागलेली असते. इथे ओढलं की सुई वाकून लूपरवर आपटते.

सुई आणि धाग्याचं थोडक्यात. पातळ कापडाला ११ नंबर, गणवेशाच्या जाड कापडाला १४, होजिअरीला गोल टोकाची. सुईची जात मशीनच्या पुस्तकात दिलेलीच घ्या. दांडा वेगळा असला तर ती बसते पण लूपरला धागा मिळत नाही. साध्या शिवणीला मीटरमागे अडीच-तीन मीटर धागा लागतो. तीन धाग्यांच्या ओव्हरलॉकला साधारण १४, चार धाग्यांच्या ओव्हरलॉकला १८. म्हणून रिळं पुरत नाहीत. स्पन पॉलिस्टरचे कोन घ्या, पांढरे, काळे आणि राखाडी. रंग जुळवायचा तो फक्त डाव्या सुईचा, उघडल्यावर तोच दिसतो. दमट हवेत कपाटात पडलेलं सुती रीळ लूपरला लावू नका. ते कुजकं झालेलं असतं आणि धूळही फार सोडतं.

त्या धुळीवरून आपल्या हवेबद्दल. कटर दिवसभर कापत असतं, कापडाचा भुगा लूपरच्या खोबणीत साठतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर तो भुगा ओलसर राहतो. ओला भुगा आणि खारी हवा म्हणजे गंज. दर दिवसाच्या शेवटी झाकण उघडून ब्रशने झाडा. तोंडाने फुंकू नका, वाफ आत जाते. पावसाळ्यात चार दिवस काम नसलं तर सुया काढून तेलकट फडक्यात ठेवा आणि कटरवर मशीनच्या तेलाचं बोट फिरवा. पुस्तकात सांगितलेल्या जागी मशीनचंच तेल, थेंबभर. खोबरेल घालू नका. घरात हाताशी असतं म्हणून घातलं जातं, ते चिकट होतं, थंडीत थिजतं आणि लूपर जड होतात. पुन्हा शिवायला घेताना आधी चिंधीवर शिवा, म्हणजे तेलाचा डाग कपड्यावर येणार नाही.

२२ जुलै २०२१ च्या पुरात माझी तीन मशिनं गाळात गेली. दोन साधी मशिनं धुऊन, सुकवून, तेल देऊन आठवड्यात चालू झाली. ओव्हरलॉकला महिना गेला. लूपरच्या दांड्यांत, चकत्यांत, दातांखाली वाशिष्ठी नदीचा गाळ बसला होता. मी ते स्वतः उघडलं, एकेक भाग काढताना फोटो काढले, रॉकेलने धुतले आणि दोन दिवस वाळवले. मोटार मात्र मेकॅनिकने तपासल्याशिवाय लावली नाही, आणि तुम्हीही पाण्यात भिजलेल्या मशीनची वायर कधी भिंतीत लावू नका. तोवर इतक्या वर्षांत जे समजलं नव्हतं ते त्या महिन्यात दिसलं, धागा कुठून कसा जातो ते. पुराची वाट बघू नका. एका दुपारी मशीन बंद करून, वायर काढून, झाकण उघडं ठेवून हाताने चाक फिरवत बसा आणि दोन लूपरांची देवघेव नीट बघा.

वीज जाणं तर आपल्याला नेहमीचंच. जुनं पायमशीन विकू नका. मी जोडकाम पायमशीनवर करून ठेवते आणि ओव्हरलॉकच्या कडा साठवून वीज आल्यावर एकत्र करते. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की वायर काढायची.

बाहेरची कामं घ्या, पण महिनाभराने, आणि सुरुवातीला फक्त कडा मारायची. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, मुलांचे गणवेश. गावात ही सोय नसली की बायका त्यासाठी बाहेरगावी जातात. कोणाचं कापड कटरखाली घालण्याआधी माया ठेवायची की नाही ते विचारा आणि वहीत लिहा. साडीचं पिको मागितलं तर सरळ सांगा की हे पिकोचं मशीन नाही. डावी सुई काढून, टाका १ मिलिमीटरपर्यंत बारीक करून, गुंडाळी कडेची सेटिंग लावली की ओढणीला, मखराच्या साटनला सुंदर कडा येते, पण साडीच्या पिकोसारखी ती दिसत नाही आणि गिऱ्हाईक नाराज होतं. तुमचा पहिला पूर्ण कपडा परकर असू द्या. लांब सरळ शिवणी, माया सोडायचा प्रश्न नाही, चुकलं तरी साडीच्या आत.

आणि जावेचा ब्लाउज टाकून देऊ नका. चीर काखेपासून इंच-दीड इंचाच्या आत असेल तर चौबगला, म्हणजे काखेत बसवायचा चौकोनी तुकडा, लावून तो वाचतो. बाजूची आणि बाहीची शिवण काखेपासून अडीच-अडीच इंच उसवा. ब्लाउजपीसची उरलेली चिंधी शोधा, नसेल तर बाहीच्या खालच्या घडीतून कापड मिळतं. अडीच इंचांचा चौकोन, सगळीकडून पाव इंच माया धरून, उरेबात कापा. चिरेची बाजू सरळ कापून ती चौकोनाच्या मायेत घ्या आणि साध्या मशीनवर एकेक बाजू कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत शिवा. कोपऱ्यात सुई खाली ठेवून कापड वळवायचं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येत असेल. आतल्या कडा हातानेच बारीक टाक्यांनी घाला, तिथे ओव्हरलॉक टोचतं. दुसऱ्या काखेलाही तसाच चौबगला लावा, म्हणजे हात वर केल्यावर दोन्ही बाह्या सारख्या उचलतील.